बाबांचा घास अडला तेव्हा

तुमच्या चर्चमध्ये बिनपगारी राबणाऱ्या माणसाला जेवण नीट जातं का, हे तुम्ही शेवटचं कधी विचारलंत?

पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं आणि सांगितलं, "अन्ननलिकेचा कॅन्सर आहे." आईने पदराचा बोळा तोंडाशी धरला. माझे बाबा मात्र हसले. कित्येक महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांना वाटलं, यांना कळलेलं नाही. त्यांनी पुन्हा सावकाश सांगितलं.

"कळलं साहेब," बाबा म्हणाले. "म्हंजी ही गाठ हाय. दुसरं काय न्हाई."

ते का हसले, हे सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

कळंबला, पुणे–नाशिक रस्त्यावर, बाबांचं पंक्चरचं दुकान होतं आणि जवळच आमचं पत्र्याचं चर्च. पाळकसाहेब महिन्यातून एका रविवारी यायचे, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, द्यायचे आणि दुपारच्या एसटीने परत जायचे. बाकी सगळं बाबांकडे. झाडलोट, उपदेश, घरभेटी, आजाऱ्यासाठी प्रार्थना, कुणी गेलं तर खड्डा खणायला माणसं जमवणं. पगार नव्हता, त्यांनी कधी मागितलाही नाही. लोक त्यांना मास्तर म्हणायचे. तेवढंच मानधन.

मी वाचायला शिकले ती येशूच्या सुवार्तेच्या पत्रकांवर. गठ्ठे यायचे आणि आम्ही तिघं जमिनीवर बसून घड्या घालायचो. बाबा मला मोठ्याने वाचायला लावायचे आणि विचारायचे, "पटलं का? न्हाई पटलं तर तसं सांग."

खोडदला घरभेटीला जायचो तेव्हा जुन्या स्कूटरवर पुढे मी उभी, मागे आई. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य थाळ्या दिसल्या की मी विचारायची, "बाबा, या काय करतात?"

"वरचं ऐकत्यात."

"आणि उत्तर कोण देतं?"

"ती डुटी आपली," म्हणत ते मागे वळून हसायचे आणि स्कूटर डुलायची.

"आधी रस्त्याकडं बघा, मग उत्तरं द्या," आई त्यांच्या पाठीत बोट खुपसायची.

माझं बालपण म्हणजे हे. एवढं सुख पुढे मला कुठे मिळालं नाही.

आजाराचं पहिलं लक्षण प्रभुभोजनाच्या रविवारी दिसलं. भाकरीचा तुकडा बाबांच्या छातीत अडकला. डोळ्यांत पाणी आलं, घाम फुटला, मग तो कसाबसा खाली गेला. याला डॉक्टर डिसफॅजिया म्हणतात, म्हणजे गिळताना घास अडणं. बाबांना हा शब्द माहीत नव्हता. त्यांना बायबलमधली ताकीद माहीत होती: अयोग्यपणे भाकर घेणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो. पुढच्या महिन्यात तुकडा पुन्हा अडला आणि त्यांची खात्री झाली की दोष आपल्या मनात आहे.

मग ते माफी मागत हिंडू लागले. सांडपाण्यावरून ज्याच्याशी बोलणं तुटलं होतं त्या शेजाऱ्याकडे गेले. चुलतभावाकडे गेले. लहानपणी मारलेल्या एका थपडेबद्दल त्यांनी माझी माफी मागितली, तेव्हा मला ओशाळल्यासारखं झालं. घरोघरी एकच उत्तर मिळायचं, "काय राव मास्तर, माफी कसली, चहा घ्या." चहा पातळ, तो खाली उतरायचा. म्हणून कुणाला काही दिसलं नाही. घरी ते भाकरी आमटीत कुस्करून खायचे. आमच्याकडे सगळेच तशी खातात.

तरी घास अडतच राहिला. शेवटी प्रभुभोजनाचं ताट समोर आलं की ते न घेता पुढे देऊ लागले.

मंडळीत कुजबूज सुरू झाली. मास्तरनं काय केलं असंल? पैशाचं? बाईचं? पहिल्या बाकावर बसणाऱ्या एस्तेरकाकूंनी तर सगळ्यांसमोर विचारलं, "आमाला सांगता पश्चात्ताप करा, आन् सोता ताट पुढं ढकलता व्हय?" बाबा मान खाली घालून उभे राहिले. वर्षानुवर्षं ज्यांच्या उशाशी हा माणूस प्रार्थनेला बसला, त्यांनी त्याच्या पापाचा तपास केला. त्याचा शर्ट अंगावर लोंबतोय, हे एकालाही दिसलं नाही.

ते दिसलं एका टेम्पोवाल्याला. नारायणगावचे टोमॅटो नेणारा तो दुकानाचं नेहमीचं गिऱ्हाईक होता. चाकाचा नट सोडवताना बाबा खाली बसले ते उठलेच नाहीत. तो म्हणाला, "भाऊ, मागल्या खेपेपरीस निम्मं झालात का तुमी? जेवन जातं का?" बाबा म्हणाले, "न्हाई जात." इतक्या महिन्यांत हा प्रश्न विचारणारा तो पहिला. त्याने त्यांना केबिनमध्ये बसवलं आणि मंचरच्या दवाखान्यात सोडलं. तिथून आम्हाला पुण्याला पाठवलं.

पुण्यात आधी बेरियम स्वॅलो झालं, म्हणजे पांढरं दाट औषध पाजून काढलेला एक्स-रे. मग एंडोस्कोपी, तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आत पाहणं. मग बायोप्सी, गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. बाकड्यांवर बसून दिवस जायचे. आई डब्यातली पेज पुढे करायची, बाबा दोन घोट घेऊन डबा परत द्यायचे.

त्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. पांढरी रेघ मध्येच दोऱ्याएवढी झाली होती.

"इतके महिने का थांबलात?"

"वाटलं, माझ्या मनात खोट हाय."

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला.

"साहेब, हितं कुणाचीबी भाकर अडली असती का?"

"कुणाचीही. माझीसुद्धा."

तेव्हा बाबा दुसऱ्यांदा हसले, आणि मग रडले. कॅन्सरने त्यांची निर्दोष सुटका केली होती. आम्ही दोघी मात्र तिथेच बुडालो, कारण डॉक्टरांचं पुढचं वाक्य होतं, "लवकर आला असता तर ऑपरेशनचा विचार करता आला असता."

रेडिएशन दिलं, ज्याला वॉर्डात सगळे शेक म्हणायचे. किरणांनी गाठ थोडी आकसली, पुन्हा वाढली. मग फीडिंग ट्यूब बसवली, पोटाला छिद्र पाडून थेट आत अन्न सोडणारी नळी. आई त्या नळीतून दूध सोडायची आणि सवयीने विचारायची, "गोड झालंय का?" तोंडाला न लागलेल्या दुधाला बाबा मान हलवून हो म्हणायचे.

त्यांच्या हट्टाने आम्ही त्यांना एका रविवारी चर्चमध्ये नेलं. खुर्चीत बसून त्यांनी तो एक्स-रे खिडकीकडे धरला. "हितं अडलं व्हतं," एवढंच म्हणाले. एस्तेरकाकू पुढे आल्या आणि त्यांचे पाय धरून हुंदके देऊ लागल्या, "आदी सांगायचं व्हतं वं, मास्तर." बाबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मला ते जमलं नसतं. आजही जमत नाही.

नाताळच्या आधी बाबा गेले. ही देवाची इच्छा, असं मला पुष्कळांनी सांगितलं. मला ते पटलेलं नाही, आणि न पटलेलं तसंच सांगायला मला माझ्या बाबांनी शिकवलंय. "माझीसुद्धा" म्हणणाऱ्या त्या डॉक्टरांची मी ऋणी आहे. त्या एका शब्दामुळे बाबा मोकळ्या मनाने गेले.

बिनपगारी सेवा करणाऱ्या भावांनो आणि बहिणींनो, तुमची सेवा खरी आहे. आमच्या घरातली सगळी गोड आठवण त्या सेवेतूनच आलीय. पण घास अडला, वजन उतरलं, आवाज बसला, तर आत्म्याची झडती घेत बसू नका. आधी डॉक्टर गाठा.

आणि मंडळीतल्या इतरांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. या रविवारी तुमच्या सेवकाला घरी जेवायला बोलवा. नुसत्या चहावर पाठवू नका. शेजारी बसा आणि तो कसा खातो ते बघा. शंका आली तर सोमवारी आपलं काम बुडवून त्याला दवाखान्यात न्या. तो नको म्हणेल. तरी न्या.