ब्रॅम्बल घसरली तो सिनेमा

एडा एंटविसल वयाच्या तेराव्या वर्षी सूतगिरणीत लागली आणि चौतिसाव्या वर्षी तिथून बाहेर पडली, ती कुत्र्यांसाठी. उत्तर इंग्लंडातल्या आमच्या हॉल्डन गावाला ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींचं मैदान झालं तेव्हा मॅनेजर पिलिंगना कुत्र्यांची देखभाल करायला कुणीतरी हवं होतं. पुरुष आले ते सगळे पैजा लावणारे. एडाला पैजेत काडीचा रस नव्हता, म्हणून तिला घेतलं.

शिळा ब्राऊन पाव मटणाच्या रश्शात कुस्करून ती सकाळी बावीस कुत्र्यांना काला घालायची. मग मालिश, मग कालव्याच्या काठानं चार मैल फिरवणं. गिरणीत कापसाच्या धुरळ्यानं धरलेली तिची छाती दोन वर्षांत मोकळी झाली. नवरा विल्फ म्हणायचा, "तिच्या अंगाला आता कुत्र्यांचाच वास येतो, पण खोकत नाही हे खरं."

बावीसांत ब्रॅम्बल नावाची एक पट्टेरी कुत्री होती. शर्यतीत ती कधी पहिली आली नाही, कधी शेवटची नाही. मुसकं चढवताना बाकीची मान झटकायची, ही स्वतःहून नाक पुढे करायची. अशी गरीब, म्हणूनच सिनेमावाल्यांनी तिला निवडलं.

ते आले पस्तीस सालच्या मे महिन्यात. सिनेमाची गोष्ट साधी होती. एका वेंधळ्या नळदुरुस्तीवाल्याला मेलेल्या मामाकडून एक कुत्री मिळते. ती काही केल्या पळत नाही, आणि शेवटी कुत्र्यांना पळवायला मैदानात विजेवर धावणारा जो खोटा ससा असतो, त्याच्यामागे तो स्वतःच पळत सुटतो. नळवाल्याचं काम करणारा टिच बोवर हा तेव्हा आमच्या भागातल्या घराघरात माहीत असलेला विनोदी नट. बुटका, बाकदार पायांचा. तो नुसता चालला तरी लोक हसत.

पहिले चार दिवस मजेत गेले. एडालाही एका दृश्यात उभं केलं. तिच्या हातातली बादली टिचच्या डोक्यावर पडते, एवढंच काम. गावभर ते पसरलं आणि दुकानात लोक तिला वाट करून द्यायला लागले.

पाचव्या दिवशी धोबीखान्याचं दृश्य होतं. मैदानाच्या उपाहारगृहातली टेबलं काढून फरशीवर साबणाचं पाणी ओतलं, भिंतीशी लाकडी टबांची रांग लावली. ब्रॅम्बलनं एका दारातून पळत यायचं, घसरत जायचं, मागून टिचनं तिचा पट्टा धरून पोटावर आपटायचं. पहिल्यांदा झालं तेव्हा सगळे हसले. एडाही हसली. हे तिनं पुढे कधी लपवलं नाही.

दिग्दर्शकाला पसंत पडलं नाही. पुन्हा झालं. मग पुन्हा. चौथ्या वेळी ब्रॅम्बल दारातच बसली आणि अंग चोरून थरथरायला लागली.

"बाई, तिला उठवा," दिग्दर्शक म्हणाला.

"घाबरलीय ती साहेब. थोडा वेळ द्या."

"उजेड जातोय." त्यानं आपल्या एका माणसाला खूण केली. तो माणूस मोहरीची पूड लावलेला ओला बोळा घेऊन आला. ते कशासाठी हे एडाला लगेच कळलं. झोंबून कुत्रं जीव तोडून पळावं म्हणून पैजेतले गुंड लोक असले प्रकार करतात हे ती ऐकून होती. तिनं पिलिंगकडे पाहिलं.

"धरा हो एडाबाई," पिलिंग हळूच म्हणाले. "एकदाच. मग संपलं."

आणि तिनं गळपट्टा धरला. त्या माणसानं शेपटी वर केली.

ब्रॅम्बल सुटली ती फरशीवर पाय टेकायच्या आधीच आडवी झाली आणि टबांवर जाऊन आदळली. एक टब कलंडून तिच्या मागच्या पायावर बसला. ती ओरडली. कुत्र्यासारखी नाही. एडा म्हणायची, बाळंत होणाऱ्या बाईसारखी.

"ओरडणं आलं का?" दिग्दर्शकानं आवाजवाल्याला विचारलं.

"स्वच्छ आलंय."

"झकास. हेच ठेवू."

एडानं साबणातून जाऊन टब उचलला. मांडीचा स्नायू फाटला होता. एडा हात स्वतःच्याच झग्याला पुसत राहिली. तेवढ्यात टिच बोवर आला. डोक्यावरची टोपी काढून तो फरशीवर उकिडवा बसला.

"मलाही बघा बाई," म्हणत त्यानं बाह्या वर केल्या. दोन्ही कोपरं सोलपटून लाल झाली होती. "पण मला तोंड आहे. मला 'नाही' म्हणता आलं असतं. म्हणालो नाही."

टोपी डोक्यावर घालून तो उठून गेला.

संध्याकाळी पिलिंगनी सांगितलं, "उद्या डॉक्टर येतील सुई घेऊन. आता तिचा उपयोग नाही."

"मग आज मी नेते तिला."

"कुठे?"

"घरी."

शेजारणीची बाबागाडी मागून तिनं ब्रॅम्बलला घरी आणलं. विल्फनं दार उघडलं, गाडीत वाकून पाहिलं आणि कुरकुरला, "आपल्यालाच पाय पसरायला जागा नाही इथे." मग चुलीजवळची आपली खुर्ची त्यानं स्वतःच बाजूला ओढली.

डिसेंबरात सिनेमा गावात लागला. शनिवारी दुपारच्या खेळाला सगळं हॉल्डन लोटलं. एडाला जायचं नव्हतं. नणंद क्लॅरिस ओढून घेऊन गेली. "अगं, पडद्यावर दिसणार तू. घरात बसून काय करणार?" पुढच्याच खुर्चीत खाटीक हारग्रीव्ह्ज होते. ब्रॅम्बल लंगडी झाल्यापासून ते तिच्यासाठी रोज हाडं बाजूला काढून ठेवायचे.

बादलीवर लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी मागे वळून एडाला हात केला. मग धोबीखाना आला. ब्रॅम्बल घसरली, आदळली, आणि ते ओरडणं थिएटरभर घुमलं. त्याच्यावर हशा उसळला. अख्ख्या सिनेमातला सगळ्यात मोठा. हारग्रीव्ह्ज तर गुडघ्यावर थापा मारत होते, डोळे पुसत होते. क्लॅरिसही हसत होती.

एडा उठली. अंधारात लोकांचे पाय तुडवत मागच्या बोळात गेली आणि भिंतीला धरून भडभडून ओकली. क्लॅरिस मागून आली.

"काय गं, बाधलं का काही?"

"तो आवाज खरा आहे, क्लॅरिस."

"असू दे ना. सिनेमा आहे तो."

"तू तिला रोज कुरवाळतेस."

क्लॅरिसनं रुमाल पुढे केला. एडानं तो घेतला नाही, पालथ्या हातानं तोंड पुसलं.

सोमवारी हारग्रीव्ह्जनी नेहमीसारखी हाडांची पुडी पुढे सरकवली. "काय हसवलंत हो शनिवारी. पोट दुखलं माझं."

"ती ओरडली तेव्हा तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं हसलात."

"अहो, मला काय ठाऊक पाय तेव्हाच गेला ते?"

"ठाऊक नव्हतं हे कळतं मला. पण ऐकू आलं ना?"

दुकानात चार बायका होत्या. एडानं पुडी तिथेच ठेवली. त्यानंतर मटणासाठी ती गावाच्या दुसऱ्या टोकाला जायची, पाऊण मैल, पावसातसुद्धा. मैदानावरचं काम तिनं त्याच आठवड्यात सोडलं आणि पुन्हा गिरणीत गेली. खोकला परत आला. "गळपट्टा मीच धरला होता," ती विल्फला म्हणायची, "तेव्हा मैदानातला पगार मला पचत नाही." लोक तिला तिरसट म्हणायला लागले. ब्रॅम्बल आणखी आठ वर्षं जगली, तीन पायांवर, चुलीपाशी, आणि चांगली लठ्ठ झाली.

अठ्ठावन्न साली चर्चच्या सभागृहात म्हाताऱ्या मंडळींसाठी तो सिनेमा पुन्हा आणला. तरुण पाद्रीबुवा आमंत्रण द्यायला घरी आले. "तुम्ही आमच्या मानाच्या पाहुण्या."

"धोबीखान्याचा तुकडा वगळाल?"

ते अवघडले. "तोच तर लोकांना सगळ्यांत आवडतो."

"मग आधी मला दोन शब्द बोलू द्या."

ती बोलली. मोहरी, टब, गळपट्टा, सगळं, आवाज न चढवता. सभागृहात कुणीतरी च्-च् केलं, एका बाईनं नाक शिंकरलं. मग दिवे मालवले. धोबीखाना आला तेव्हा आधी सगळे गप्प होते. टिच आपटला तसं मागे कुणीतरी खुसखुसलं, आणि ब्रॅम्बल ओरडली तेव्हा हशा पिकलाच, पहिल्यासारखाच.

या खेपेला एडा उठली नाही. पडद्याकडे पाठ करून ती त्या उजेडातले चेहरे बघत बसली. बहुतेक सगळे ओळखीचे. उघडी तोंडं, कवळ्या, हलणारे खांदे.

परत जाताना मुलगी डोरीननं तिचा हात धरला. "आई, वाईट वाटून घेऊ नकोस. वाईट नाहीत गं ती माणसं."

"नाहीतच," एडा म्हणाली. "पण किळस येते मला त्यांची. गळपट्टा धरला तेव्हा माझी मला आली होती, तशीच."

बसच्या रांगेत तीच सगळी मंडळी उभी होती, म्हणून दोघी चालत घरी गेल्या.