साळवेबाईंनी बसायला शिकवले

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. माणूस भेटला की चेहऱ्याआधी त्याचे खांदे पाहायची माझी खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. प्रा. मार्था साळवे यांना प्रथम पाहिले तेव्हाही मी तेच केले. अकोल्याची नोकरी संपवून मी पत्नीसह अमरावतीला मुलीजवळ राहायला आलो होतो. कंबर दुखत होती. चर्चच्या आवारातल्या हॉलमध्ये तत्त्वज्ञानाच्या एक निवृत्त प्राध्यापिका सकाळी योगाचा वर्ग घेतात असे शेजाऱ्यांनी सांगितले, म्हणून ट्रॅकपँट घालून, चटई काखोटीला मारून मी गेलो.

सतरंजीवर दहा-पंधरा माणसे डोळे मिटून बसली होती. समोर बाई. पाठ सरळ, पण ताठलेली नाही, खांदे सैल. असे बसणे मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर शिकवत आलो आणि क्वचितच कोणाला जमलेले पाहिले. मी व्यायाम सुरू होण्याची वाट पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने मंडळी उठली तेव्हा मी विचारले, व्यायाम केव्हा सुरू होतो? बाई म्हणाल्या, "सर, तो तं झाला."

बाई मूळच्या चांदूर बाजारच्या, ख्रिस्ती घरातल्या. योगदर्शन हा त्यांचा अध्यापनाचा आवडता विषय. वर्गात त्या शुद्ध प्रमाण मराठी बोलत असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. वर्गाबाहेर अस्सल वऱ्हाडी. पहाटे श्वासाकडे लक्ष देऊन बसायचे, मग त्याच श्वासाबरोबर एक लहानशी प्रार्थना मनात धरायची, आणि संध्याकाळी क्रुसापुढे बसून दिवस तपासायचा, हा त्यांचा परिपाठ. आम्हां इतरांना मात्र त्यांनी कधी प्रार्थना दिली नाही. ज्याने त्याने आपापल्या देवापुढे बसावे, देव नसेल तर नुसते बसावे, एवढेच सांगत. सगळे धर्म एकच आहेत असे कोणी भावनेच्या भरात म्हणाले की त्या चक्क वैतागत. "सारं एकच आहे म्हणणाऱ्याईनं दोनातलं एकही नीट केलं नसते," असे त्यांनी एका वक्त्याला तोंडावर ऐकवले होते. स्वतःपुरते त्यांचे उत्तर साधे होते. "योगानं मले बसणं शिकवलं. कोणापुढं बसाचं, हे मले घरूनच ठाऊक होतं."

बैठक संपली की त्या एक प्रश्न विचारत. काय दिसले, प्रकाश दिसला का, असले काही नाही. काल घरी कोणाशी कसे बोललात, एवढेच. अहिंसा आणि सत्य यांची परीक्षा त्या तिथे घेत. कापडाचे दुकान असलेले आमचे सलीमभाई सांगतात की या प्रश्नाच्या धाकाने त्यांनी नोकरावर ओरडणे सोडले. मला तो प्रश्न सुरुवातीला आगाऊपणाचा वाटे. नंतर लक्षात आले की निश्चलतेच्या गप्पा मारणाऱ्या माणसाला पकडायची याहून चांगली जागा नाही.

माझी पत्नी गेली तेव्हा बाई रोज सायंकाळी आल्या. देवाची इच्छा, धीर धरा, असे एक अक्षर बोलल्या नाहीत. ओसरीवर माझ्याशेजारी बसत, चहा घेत आणि जात. त्या दिवसांत आलेल्या माणसांपैकी मला फक्त त्यांचे येणे हवेसे वाटे.

दोन वर्षांपूर्वी बाईंचा उजवा हात बसल्या जागी हलू लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. आमच्या मंडळींनी मग जे केले ते आमच्यासारख्या ध्यानाला बसणाऱ्या माणसांनाच सुचू शकते. हात दिसू नये म्हणून बाई येण्याआधीच आम्ही डोळे मिटून बसू लागलो. एवढ्याने भागेना म्हणून भर वैशाखात, अमरावतीच्या उन्हाळ्यात, सलीमभाईंनी सगळ्यांच्या वतीने बाईंना एक शाल पांघरली, हात झाकला जाईल अशी. बाईंनी ती बैठकभर अंगावर ठेवली. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. वर्ग वानखडे सरांनी, म्हणजे मी, घ्यावा, असा निरोप मात्र आला. असे सात-आठ दिवस गेले. मी नुसता समोर बसे आणि माणसे एकेक करून गळू लागली. बाई आता येत नाहीत, वर्ग बंद पडणार, हे सर्वजण धरूनच चालले होते.

मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी शांतपणे कारण सांगितले: हात हलतो, लोकांचे लक्ष तिकडे जाते, निश्चलता शिकवणाऱ्याने असे समोर बसणे बरे दिसत नाही. मला समजूत घालता येत नाही. मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. काल घरी कोणाशी कसे बोललात, बाई?

त्या म्हणाल्या, "देवाशीच बोलली. तेही भांडून. हात थांबव म्हटलं, नाही तं मले बसवू नको. मले लय राग येऊन राहिला, सर. शरमही वाटते." त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांच्याशेजारी नुसता बसून राहिलो. ते मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "उद्या हॉल उघडजा. मी येतो म्हणा साऱ्याईले."

त्या आल्या. शाल नव्हती. उजवा हात त्यांनी सर्वांसमोर गुडघ्यावर ठेवला. "आज डोये मिटू नका. पाह्यून घ्या एकदाचं," म्हणाल्या. आम्ही पाहिले. हात हलत होता आणि त्या बसल्या होत्या. हळूहळू हातात पाहण्यासारखे काही उरले नाही, आणि एकेकाचे डोळे आपोआप मिटले. तेव्हापासून वर्ग एक दिवस चुकलेला नाही. राग गेला का, असे मी मध्यंतरी विचारले. काही दिवस असतो, काही दिवस नसतो, असतो त्या दिवशी तोही घेऊन बसते, असे त्या म्हणाल्या.

बाईंना पंच्याहत्तरावे वर्ष लागत आहे. त्यांना दीर्घायुष्य लाभो, ही आम्हां सर्वांची इच्छा आहे. आरोग्य लाभो असे मात्र लिहू नका, जे आहे ते मी स्वीकारले आहे, असे त्यांनी मला बजावले आहे. त्यांनी स्वीकारले असेल. मी नाही. बाईंचा हात थांबावा असे मला रोज वाटते. रोज सकाळी डोळे मिटले की मी तेवढेच मागतो, आणि ते मागून होईपर्यंत माझे ध्यान लागत नाही.