वाटसरूची आई

मुफीदाला सी मुनजीचा, म्हणजे मुनजीसाहेबांचा, हेवा वाटायचा, आणि तोही साधासुधा नव्हे. सकाळी तो शिक्षकांच्या खोलीत शिरला की तिच्या हातातल्या कॉफीची चवच जायची. दोघंही ट्युनिशियातल्या सफाक्सच्या एकाच शाळेत तत्त्वज्ञान शिकवणारे. मुनजी दिसायला रुबाबदार, आवाज खर्जातला, गळ्यात बारा महिने मफलर. बोलता बोलता मध्येच थांबून तो खिडकीबाहेर बघत राहायचा. लोकांना वाटायचं, काय खोल विचार चाललाय या माणसाचा. मुफीदाला पक्कं ठाऊक होतं, की तो आपल्या गाडीला कोणी खेटून गाडी लावली का ते बघतोय.

एवढ्यावर भागलं असतं तर तिने सोसलं असतं. पण गावात ‘वाटसरू’ नावाची एक साइट गाजत होती. लिहिणाऱ्याचा फोटो नाही, पत्ता नाही, नुसते विचार. माणसाला लाज नक्की कोणाची वाटते, देवाला भिऊन केलेला चांगुलपणा चांगुलपणा म्हणायचा का, असलं सगळं. औषधाच्या दुकानात, न्हाव्याकडे, जिथे तिथे लोक त्यावर वाद घालायचे. आणि ही साइट लिहायची मुफीदा.

स्वतःच्या नावाने लिहिलं असतं तर तिचे काका घरी येऊन, तिचाच चहा पिऊन, तिचीच अक्कल काढून गेले असते. शाळा तपासायला येणारे साहेब वेगळेच. म्हणून वाटसरू. लिहिताना ती खुणा पुसत जायची. आईचा साखरेच्या आजारात कापावा लागलेला पाय काढून तिथे आंधळे डोळे बसवायची, तळमजल्यावरचं घर उचलून तिसऱ्या मजल्यावर न्यायची. या कामात तिचा हात चांगला बसला होता. इतका, की स्वतः तीसुद्धा त्यातून पार पुसली गेली.

एक दिवस भूगोलाच्या बाई म्हणाल्या, “सी मुनजी, आता पुरे झालं लपणं. वाटसरू तुम्हीच ना?”

मुनजीने छातीवर हात ठेवला, मान खाली घातली. “अस्तगफिरुल्ला, देव क्षमा करो. मी कुठला एवढा मोठा?”

झालं. आमच्याकडे माणसाला खरंच नाही म्हणायचं असलं, की तो आवाज चढवतो, आईची शपथ घालतो, चार जणांना साक्षीला बोलावतो. छातीवर हात आणि हळू आवाजात ‘मी कुठला’ म्हणजे शिक्कामोर्तबच. मुनजीला काय हे कळत नव्हतं? चांगलं कळत होतं त्या लबाडाला. पुढे तर त्याने ‘मी कुठला’ म्हणायचीही तसदी घेतली नाही, नुसता हसायचा.

मुफीदाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने साइटवर लिहिलं, ‘मी शाळेत शिकवणारा कोणी सद्गृहस्थ नाही.’ भूगोलाच्या बाईंना गहिवरून आलं, “बघा, बिचाऱ्याला अजून भीती वाटते.” मग तिने भर उन्हाळ्यात मफलर घालून मिरवणाऱ्या विचारवंतांची टर उडवणारा लेख लिहिला. त्यावर सगळे म्हणाले, स्वतःला हसायला मोठं मन लागतं. मुनजीने त्या दिवशी कौतुकाने मफलर सारखा केला. तिला वाटलं, तोच आवळावा.

हेही तिने गिळलं असतं. पण मुनजी घरात शिरला.

शेजारच्या शादलियामावशी रोज तिच्या आईजवळ, बेयाजवळ, येऊन बसायच्या. बेयाला वाचता येत नसे, मावशी फोनवरून वाचून दाखवायच्या. एका दुपारी मुफीदा शाळेतून आली, तर मावशी वाटसरूचाच लेख वाचत होत्या. आईच्या सेवेवरचा. ‘आईला न्हाऊ घालताना माझ्या मनात प्रेम असतंच असं नाही. कधीकधी वाटतं, एकदाचं संपू दे हे. ज्याच्या मनात असं येतं आणि तरी जो पाणी तापवतो, त्याला चांगला म्हणावं की वाईट?’

बेया ओढणीने डोळे टिपत होती. “एक अक्षर खोटं नाही गं त्याचं. कोण म्हणालीस हा?”

“मुफीदाच्या शाळेतला, सी मुनजी.”

आईने मुलीकडे पाहिलं. “तूही तेच शिकवतेस ना? मग तुला का नाही सुचत असं काही?”

मुफीदा स्वयंपाकघरात गेली आणि विनाकारण भांडी आपटत राहिली. शाळा गेली चुलीत, गाव गेलं. पण आईची शाबासकी? लहानपणापासून तिने ती मागितली होती, आणि ती आता मफलर घालून दुसऱ्याच्या घरी निघाली होती. तिला रडू आलं ते निव्वळ मत्सराने, दुसरं काही नाही.

मौलूदच्या, पैगंबरांच्या जन्मदिवसाच्या, सकाळी घरात पाइनच्या बियांचा काळा असीदा, म्हणजे सणाची घट्ट खीर, शिजला. नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे वाडगे भरले. बेया खुर्चीत बसून स्वतःच्या हाताने वर साय पसरत होती, सुकामेवा रचत होती. सगळ्यात मोठ्या वाडग्यावर तिने पिस्त्यांचा चांद काढला, भोवती बदामाची वेल काढली. असा वाडगा तिने सख्ख्या बहिणीलाही कधी पाठवला नव्हता.

“हा सी मुनजीच्या आईला नेऊन दे.”

“तुझी ओळख तरी आहे का तिची?”

“ओळख कशाला हवी? सांग, बेयाने पाठवलाय.”

“मी नेणार नाही.”

“अगं, सणाच्या दिवशी काय हे? एवढा कसला राग त्या भल्या माणसावर?”

“तो भला माणूस नाही, उम्मी. त्याने एक ओळ लिहिलेली नाही. वाटसरू मी आहे.”

शादलियामावशी फिस्सकन हसल्या. मुफीदाने लॅपटॉप आणला, उभ्या उभ्या साइटवर काहीतरी टाइप केलं. मावशींच्या मांडीवरचा फोन वाजला. त्यांनी वाचलं, “‘मी बेयाची मुलगी मुफीदा.’” आणि त्यांचं हसू विरलं. जरा वेळाने चुलीवर काहीतरी आहे म्हणून त्या उठून गेल्या.

मुफीदा वाट बघत राहिली. आता आई म्हणेल, आता म्हणेल.

बेयाने बोटाला लागलेली साय हळूहळू पुसली. “सगळं तूच लिहिलंस? ते न्हाऊ घालण्याचंसुद्धा?”

“हो.”

“पण त्यातली आई आंधळी होती.”

हे सगळं मुनजीचंच राहिलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मुफीदाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

“मला त्या म्हातारीची फार दया आली होती,” बेया म्हणाली. “म्हटलं, पोराच्या मनात हे असं आहे, आणि तिला बिचारीला कुणी सांगितलंही नसेल. म्हणून केला होता हा वाडगा, तिच्यासाठी.”

तिने वाडगा आपल्याकडे ओढून घेतला.

“म्हणजे माझाच की हा,” ती म्हणाली, आणि मुलीकडे चमचा मागितला.