उभा गार्ड, पळता गार्ड आणि इंगळे मास्तर

श्री. नारायणराव इंगळे यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, असे गौरवसमितीचे पत्र आले तेव्हा माझा प्रथम विश्वासच बसला नाही. गेल्याच उन्हाळ्यात त्यांना शेगावच्या कापसाची सरकी काढणाऱ्या जिनाच्या अंगणात पोरांमागे शिट्टी घेऊन धावताना मी पाहिले होते. धापा पोरे टाकत होती, आणि मास्तर त्यांना त्यांच्या चुका मोजून दाखवत होते. सगळा तालुका त्यांना नुसते 'मास्तर' म्हणतो. मीही या लेखात तसेच म्हणणार आहे. समितीने 'आदरणीय' हा शब्द सुचवला होता, पण तो मास्तरांसमोर उच्चारला असता तर त्यांनी मला मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

त्यांची माझी पहिली भेट झाली तेव्हा मी अमरावतीला कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. गाव माझे सोनाळा. पण सुटीत मी शेगावला मावशीकडे राहत असे, कारण बास्केटबॉल तिथे होता. मास्तर हायस्कुलात व्यायामशिक्षक होते. मद्रासेकडे जाऊन ते हा खेळ शिकून आले होते आणि येताना एक चेंडू घेऊन आले होते. आमच्याकडच्या काळ्या मातीत चेंडू उसळत नाही. म्हणून कापसाचा हंगाम संपून जीन बंद झाले, की तिथले टणक अंगण ते मालकाकडून मागून घेत. चेंडू टाकायची कडी लोहाराकडून करवून घेतली, तीही नियमापेक्षा दोन बोटे लहान. आम्ही कुरकुर केली तेव्हा म्हणाले, "इथं चेंडू गेला तं नागपुरातबी जाईन."

मी त्या पहिल्या दिवशी कॉलेजातला खेळाडू म्हणून तोऱ्यात उतरलो आणि चेंडू आपटत या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत राहिलो. मास्तरांनी शिट्टी वाजवून मला थांबवले.

"काऊन पळून राह्यला बे एवढा?"

"गोल कराले, मास्तर."

"मांगं कोन हाये?"

मी वळून पाहिले. मागे कोणीच नव्हते.

तेव्हा संघात दोन गार्ड असत. एक आपल्या कड्याखाली राहून राखण करी, तो उभा गार्ड. दुसरा संधी मिळताच चेंडू घेऊन पुढे मुसंडी मारी, तो पळता गार्ड. मी पळता. उभा होता विश्वनाथ. तो शेगावचाच, कॉलेजात माझ्याच वर्गातला, बोलायला कमी आणि जागेवरून हलायला त्याहून कमी. या दोघांत खरा गार्ड कोणता, यावर आम्ही पोरे तावातावाने भांडत असू. उभ्याशिवाय घर उघडे पडते, असे एकाचे म्हणणे, आणि पळत्याशिवाय सामना जिंकता येत नाही, असे दुसऱ्याचे. भांडण हातघाईवर येऊ लागले तेव्हा मास्तरांनी त्याला एक रीत लावून दिली.

दर रविवारी संध्याकाळचा खेळ संपला की अंगणातल्या कडुनिंबाखाली सभा भरे. अट एकच: ज्याने त्याने दुसऱ्याच्या जागेची बाजू मांडायची. उभ्याने पळत्याची, पळत्याने उभ्याची. "आपल्या बाजूनं तं सारेच बोलतात बे," मास्तर म्हणत, "त्याच्या बाजूनं बोलून दाखव." सुरुवातीला आम्हाला हे विचित्र वाटले. पुढे पुढे असे झाले, की रविवारी काय बोलायचे म्हणून आम्ही आठवडाभर एकमेकांचा खेळ न्याहाळू लागलो. आता कळते, मास्तरांना हवे होते ते हेच.

मास्तरांच्या शिस्तीत उपदेश फार नसे. पाण्याचा माठ एकच होता आणि सगळ्या जातींची पोरे त्यातूनच पीत. एका घरून याबद्दल तक्रार आली. मास्तर त्या गृहस्थांना अगदी नम्रपणे म्हणाले, की आपल्या मुलाला घरून पाणी पाजून पाठवा आणि तहान लागेपर्यंतच तो खेळेल असे पाहा. वऱ्हाडातला मे महिना. तो मुलगा तिसऱ्या दिवशी माठावर आला, आणि तक्रार पुन्हा आली नाही.

आता त्या प्रसंगाकडे येतो, ज्यासाठी हा लेख मी लिहायला घेतला.

दुसऱ्या वर्षीच्या सुटीत, मैदान अगदी रंगात आलेले असताना, आमच्या कॉलेजच्या क्रीडाप्रमुखांचे मास्तरांना पत्र आले. कॉलेजचा संघ सामन्यांसाठी नागपूरला जायचा होता. संघात एका गार्डाची जागा रिकामी होती. विश्वनाथ आणि मी दोघेही आपल्या नजरेखाली खेळत आहोत, तरी आपण सांगाल त्याला घेऊ, असे त्यात होते. मास्तरांनी ते पत्र लपवले नाही, सगळ्यांसमोर वाचून दाखवले. नागपूरच्या मैदानावर कॉलेजच्या बनियनमध्ये उतरायचे, यापलीकडे त्या वयात मला दुसरे स्वप्न नव्हते. त्या रात्री मी जेवलोही नाही.

पुढचा रविवार आला. मला उभ्या गार्डाची बाजू मांडायची होती. खरे सांगायचे तर मला ती चांगली मांडता आली असती. विश्वनाथ समोरच्याच्या पायांकडे पाहतो, डोळ्यांकडे नाही, आणि म्हणून फसत नाही, हे मी महिनाभर पाहिले होते. पण ते बोललो तर त्याचे पारडे जड होईल, हेही मला कळत होते. मी उठलो आणि म्हणालो, "उभा गार्ड म्हंजे भिंत. भिंतबी लागतेच घराले." पोरे हसली. आणखी दोन विनोद करून मी खाली बसलो.

मग विश्वनाथ उठला. त्याने पळत्या गार्डाची, म्हणजे माझी, बाजू मांडली. मी उजवीकडे जाण्याआधी डावा खांदा कसा झुकवतो, दमलेल्या गड्यासमोरूनच नेमका कसा घुसतो, चेंडू दिल्यावर थांबत नाही म्हणून समोरचे दोघे कसे गोंधळतात. माझ्या खेळाविषयी मला स्वतःला ठाऊक नव्हते ते त्याने सांगितले. तो बसला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. नागपूरला मीच जाणार, असे मी मनात ठरवून टाकले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मास्तर मावशीकडे आले. मावशीने दोन ताटे वाढली. मास्तरांनी ताटाला हात लावला नाही.

"सोनाळा," ते म्हणाले. पोरांना ते गावाच्या नावानेच हाक मारत. "मी विश्वनाथचं नाव लिवलं. पत्र अजून पेटीत टाकलं नाही. आधी तुले सांगावं वाटलं."

"मी चांगला बोललो नाही म्हनून?"

"तुले चांगलं बोलता येत होतं अन् तू बोलला नाही, म्हनून."

मास्तर तसेच ताटावर बसून राहिले. भाकरी गार झाल्या. शेवटी मी घास उचलला, तेव्हा त्यांनी उचलला. पत्र टाकून कळवणे किंवा कोणाच्या तोंडी निरोप धाडणे त्यांना सहज जमले असते. एका विशीतल्या पोराचा राग अंगावर घ्यायला ते उन्हातून चालत आले होते.

चार दिवस मी मैदानाकडे फिरकलो नाही. पाचव्या दिवशी राहवले नाही. मास्तरांनी मला सरळ कड्याखाली उभे केले. उरलेली सारी सुटी मी उभा गार्ड म्हणून खेळलो. पुढच्या वर्षी कॉलेजच्या संघात मला जागा मिळाली, तीही उभ्या गार्डाची. विश्वनाथने ती बातमी ऐकून मला कडकडून मिठी मारली आणि मग आठवडाभर 'भिंत' म्हणून हाका मारल्या.

आज मी मेहकरला वकिली करतो. कोणताही दावा हाती घेतला, की आधी विरुद्ध पक्षाची बाजू कागदावर उतरवून काढतो. एकदा एक पक्षकार ती वाचून हबकला. "वकीलसाहेब, तुमी माह्ये वकील आहा का त्याचे?" त्याचा दावा आम्ही जिंकला. ही सवय मला कुठून लागली, हे वाचकांना सांगायला नको.

या गौरव अंकासाठी आठवणी गोळा करायला गेल्या महिन्यात मी मास्तरांकडे गेलो होतो. चहा झाला, हसणे झाले. निघताना ते दारापर्यंत आले आणि थांबले.

"एक सांगू? त्या वर्सी खेळात तू विश्वनाथहून चांगला होता. मले तवाच ठाऊक होतं. खेळाडू निवडाचा होता, अन् मी भाषन पाहून निवडला. बारा वर्सं झाली. अजूनबी वाटते, म्या पोराचं नुकसान केलं काय."

रोज कोर्टात बोलून पोट भरणारा मी, मला त्या दारात एक शब्द सुचला नाही. नमस्कार करून निघालो. बारा वर्षे मी ही गोष्ट हसत सांगत होतो, आणि मास्तर ती मनात वागवत होते. माझे डोळे भरून आले.

त्या दिवशी राहिलेले उत्तर आज साऱ्या शिष्यवर्गासमोर देतो. मास्तरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, त्यांची शिट्टी आमच्या नातवंडांनाही ऐकू येवो, आणि त्यांच्या मनावर या एका गोष्टीचा भार यापुढे एक दिवसही न राहो. मास्तर, आपण खेळाडूच निवडला होता. निकाल बरोबर होता. ज्याच्या विरुद्ध तो लागला, तोच हे लिहून खाली सही करत आहे.