माळेसकट चढलेला अँटेना

बाबांची ती दोन दारांची लाल गाडी मला कधी आवडलीच नाही. आत बसलं की जमिनीवर फतकल मारल्यासारखं वाटतं, आणि उठताना कुणाचा तरी हात धरावा लागतो. धारला ओळखीच्यांकडे गोठ्याशेजारी ती वर्षानुवर्षं पडून होती. देवासच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी ती आणली, खपून चालती केली, आणि त्यांना लकव्याचा झटका आला. पाय सुधारले. उजवा हात तेवढा मांडीवर पडून राहिला. वापरला नाही तर कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण व्यायामाचा रबरी चेंडू दिला की बाबा डाव्या हातानं तो खिडकीबाहेर भिरकावून देत. जन्मभर मोटरी उघडल्या, आता चेंडू दाबत बसू का, म्हणत.

मग मी एक युक्ती केली. रेडिओ लावला की आपोआप वर येणारा, बंद केला की खाली जाणारा अँटेना इंदूरच्या जुन्या बाजारातून आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. बसवून द्या म्हटलं. पाना धरायला तरी हात हलेल, असा माझा हिशेब. कसलं काय! ते खुर्चीतून हुकूम सोडणार आणि मी, शाळेत हिंदी शिकवणारी बाई, मडगार्डखाली आडवी. जुन्या अँटेनाच्या काडीचं भोक कानशीनं मोठं कर, मोटर आत टांग, एक तार बॅटरीला, एक रेडिओला. गाडीचं अंग फायबरचं, म्हणून अर्थिंगची तार वेगळी खाली लोखंडापर्यंत ओढ. "ऐसे नहीं, भिया," असं कारखान्यातल्या गड्यासारखं मला, पोटच्या मुलीला! अस्सा राग यायचा. अँटेना बसला, हात होता तिथेच.

दसऱ्याला आईनं गाडीची पूजा केली. नव्या वस्तूला पहिला मान, म्हणून झेंडूच्या माळेचं एक टोक अँटेनाच्या बोंडाला बांधलं, दुसरं दाराच्या आरशाला, पक्क्या गाठीनं. बाबांना आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. बाबा डावीकडच्या सीटवर बसले होते. मी किल्ली फिरवली, रेडिओ लावला आणि बघायला बाहेर धावले.

काडी वर येऊ लागली. काडीतून काडी, तिच्यातून आणखी बारीक काडी, आणि टोकाला झेंडू. तारा मीच जोडल्या होत्या, तरी अंगावर काटा आला. आईनं चक्क हात जोडले. तेवढ्यात माळ ताणली गेली. काडी वाकली, आत मोटर कटकट करू लागली. काडी वर ढकलणाऱ्या आतल्या पट्टीचे दाते झिजले की खेळ खलास, हे ठाऊक असूनही मी खांबासारखी उभी. आई गाठीशी झटतेय.

एकदम रेडिओ बंद झाला. काडी सरसरत खाली गेली.

काचेतून पाहिलं. बाबांचा उजवा हात रेडिओवर होता. बोटं थरथरत होती, आणि ते स्वतःच त्या बोटांकडे टक लावून बघत होते.

आईनं माळ सोडली. मी रेडिओ लावायला आत वाकले, तर बाबा म्हणाले, "राहू दे. मीच लावतो."

बोट बटणापर्यंत जायला फार वेळ लागला. आम्ही कुणी मदत केली नाही. मग काडी वर आली.