बाबा ‘पोलिओ’ म्हणत नव्हते
“स्ट्रोक आहे,” डॉक्टर म्हणाले. स्ट्रोक म्हणजे मेंदूच्या नसेत गुठळी अडकून पुढे रक्त न पोचणं. बाबांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि बोलणं गेलं होतं. असं बोलणं जाण्याला अफेजिया म्हणतात. माणूस शुद्धीवर असतो, पण शब्द सापडत नाहीत. “एखादा शब्द येईल, पण त्याला अर्थ असेलच असं नाही,” डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही ते खरं मानलं. त्याचा राग मला आजही येतो.

बाबांचं नाव हर्कमान. नेपाळातल्या डोंगरी गावातून येऊन ते गोरखा पलटणीत भरती झाले. नंतर पुलगावच्या दारूगोळा डेपोत पहाऱ्याला होते. तिथेच आईशी लग्न झालं, नालवाडीत घर झालं. या देशासाठी बर्फात उभा राहिलेला माणूस, पण मोहल्ल्यात शेवटपर्यंत नुसता ‘बहादूर’. त्यांचं नाव विचारायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

निवृत्तीनंतर पोलिओच्या रविवारी ते बिनपगारी बूथवर बसत. कुणी आलं नाही की सायकल काढून दारोदार फिरत. “येजो माय, लेकराले घेऊन येजो, दोनच थेंब रायते.” त्यांची वऱ्हाडी माझ्यापेक्षा अस्सल होती.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी ते बोलले. “पोल्यो.” जरा वेळाने पुन्हा, “पोल्यो, पोल्यो.”

आई रडता रडता हसली. “पाय वो, जिवावर बेतलं तरी यायले पोलिओचीच पडली हाये.”

मलाही भरून आलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ते कौतुकाने सांगत सुटले.

बाबा डावा हात सारखा झटकत होते. त्यातलं सलाइन निघेल म्हणून सिस्टरने तो पट्टीत गुंडाळून खाटेला बांधला. फाइलवर लिहिलं, ‘इरेलेव्हंट टॉक’, म्हणजे असंबद्ध बडबड. वॉर्डातला एक कर्मचारी म्हणाला, “ए बहादूर, चूप बस न आता.” उजवा हात लुळा, डावा बांधलेला. बोट दाखवून सांगायचीही सोय उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी नेपाळहून आत्याचा व्हिडिओ कॉल आला. मी तिलाही पोलिओचं सांगायला लागले, तेवढ्यात बाबा बोलले. आत्याचा चेहराच उतरला.

“पोलिओ नहीं, बेटी. पोल्यो. हमारी बोली में, जल रहा है. देखो, कहाँ जल रहा है.”

सिस्टरने पट्टी सोडली. हात कोपरापर्यंत लालभडक सुजला होता, वर फोड. सुई शिरेतून सरकली होती आणि औषध मांसात उतरत होतं. याला एक्स्ट्राव्हॅसेशन म्हणतात. दोन दिवस ते हेच सांगत होते आणि आम्ही त्यांची पाठ थोपटत होतो.

“भाषेचं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं,” डॉक्टर म्हणाले. खरं आहे. पण पट्टी सोडून बघायला कोणती भाषा लागते?

माझा स्वतःवरचा राग तर याहून मोठा आहे. चौथीत असताना पोरी सिनेमातल्या गुरख्याची नक्कल करत मला ‘शाबजी’ म्हणून चिडवत. मी बाबांना बजावलं, माझ्याशी तुमची भाषा बोलू नका. ते परत कधी बोलले नाहीत. आत्याचा फोनसुद्धा अंगणात जाऊन घेत.

तुमचं माणूस दवाखान्यात भरती झालं तर त्याच्या आईची भाषा कोणती, ते फाइलवर लिहायला लावा. लिहीत नसतील तर भांडा. आणि तुम्हाला ती येत नसेल, तर आजच दोन शब्द शिकून घ्या.

हात बरा झाला. बाबा घरी आले आणि आणखी पाच महिने राहिले. आत्या रोज फोनवर मला एकेक शब्द शिकवायची. तिर्खा म्हणजे तहान, चिसो म्हणजे थंड. एका संध्याकाळी मी पाण्याचा पेला पुढे करून “तिर्खा?” विचारलं, तर बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, “छोरी.” म्हणजे लेक. आत्याचे हे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या झटक्यात बाबा गेले. शोकसभेत एक पुढारी माईकवर म्हणाला, “मरणाच्या दारातही आपल्या बहादूरच्या तोंडी पोलिओच होता.” लोकांनी माना डोलावल्या. ही गोष्ट मीच गावभर केली होती.

मी उठले आणि माईक मागून घेतला.

“त्यायचं नाव हर्कमान होतं,” मी म्हणाले. “अन् ते पोलिओ नाई म्हणत होते. पोळून राह्यलं म्हणत होते.”