वरच्या डोहातली मरळ

दाजी गेल्याचा निरोप घेऊन करीमभाई आमच्या कळमनुरीच्या दुकानात आले, तेव्हा मी गिऱ्हाइकाला धोतरजोडी दाखवत होतो. करीमभाई म्हणजे दाजींचे शेजारी, कापूस पिंजणारे आणि नदीवरचे त्यांचे जोडीदार. पायरीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "गणपतराव गेले, शेठ. तापानं गेले." मग टोपी परत डोक्यावर ठेवत, "अन् मरळ तशीच ऱ्हायली..." खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला संताप आला. माणूस गेला आणि त्याच्या निरोपातसुद्धा मासाच! करीमभाईंना काय बोलायचं? दाजींनीच जाता जाता तसं सांगून ठेवलं असणार.

गणपतराव माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. गाव औंढ्याकडचं, पूर्णेच्या काठाचं. जमीन काळी, बैलजोडी देखणी, सगळं बराबर. फक्त डोकं नदीत. उन्हाळ्यात तिकडे पूर्णेची धार तुटते आणि डोह तेवढे उरतात. दाजींच्या वडिलांच्या काळी वरच्या डोहात खडस मासे होते, सोनेरी खवल्यांचे, लेकराएवढे मोठे. पुढे लोक हिंगणबेटाची फळं कुटून पाण्यात टाकायला लागले. मासे गुंगून वर यायचे, हातानं वेचायचे. असं करता करता खडस संपला. दाजींनी मनावर घेतलं की तो परत आणायचा. त्यांनी चावडीवर नदी वाटून मांडली : खालचा डोह जाळ्याचा, मधला नुसत्या गळाचा, आणि वरच्या डोहात कुणीच हात घालायचा नाही. गाव काही पटून हो म्हणालं नाही. रोज तेच ऐकून ऐकून लोकांचे कान किटले, म्हणून हो म्हणालं.

मग खडसाची पिल्लं आणायला पैनगंगेवर बैलगाडी गेली, आणि त्या गाडीत मी! नवा मेव्हणा, नाही म्हणायची सोय नव्हती. पाण्यानं भरलेल्या घागरी, त्यांत बोटभर पिल्लं, आणि पाण्यातली हवा संपू नये म्हणून वाटभर घागरीत हात फिरवत राहायचं. उन्हात माझा खांदा भरून आला. "पाव्हणं, हात थांबवू नका, दम तोडतील लेकरं," हे आपले पुढून बैल हाकत ओरडतायत. मी म्हटलं, "अन् माझा हात निकामी झाला तर?" "दुसरा हाय की!" असा हा माणूस. पण पिल्लं जगली. पुढच्या वर्षी अक्कानं सांगावा धाडला, की तुझ्या लेकरांना ये बघायला.

इथं थांबले असते तर गणपतराव कसले? दिवाळीला आमच्याकडे आले आणि गावाबाहेरच्या तळ्यावर फिरायला म्हणून गेले. तिथं काठाला लालसर पिल्लांचा एक घट्ट गोळाच्या गोळा पोहत होता. दाजींचे डोळे चमकले. "पाहा रंग! खडसाचंच रक्त हाय हे." मी म्हटलं, दाजी, एखाद्या भोयाला विचारू. "भोयाला इचारलं की सकाळी तिथं जाळं पडलंच म्हणून समजा." माझ्या बायकोची पिण्याच्या पाण्याची घागर उचलून नेली, तो गोळाच्या गोळा तिच्यात भरला आणि गावी नेऊन वरच्या डोहात सोडला! ती पिल्लं होती मरळीची. मरळ म्हणजे पाण्यातली वाघीण. तळाशी दडून बसते, श्वास घ्यायला तेवढी वर येते आणि समोर येईल ते पिल्लू गिळते. दोन पावसाळ्यांत दाजींनी आणलेले लहान खडस साफ झाले. मोठे झालेले दोन-चार कपारीत तगले, पण दरसाल त्यांची अंडी फुटायची आणि पिल्लं मरळींच्या पोटात जायची.

मग दाजींनी स्वतःच वरच्या डोहात गळ टाकायला सुरुवात केली. गावाला कोण समजावणार? "आमाला बंदी अन् हे पाटलावाणी बसून राहिले!" असे टोमणे चालू. दाजी ऐकून घ्यायचे. बेडकाचं आमिष लावून त्यांनी एकेक मरळ काढली आणि टोमणे मारणाऱ्यांच्याच घरी पोचवली. शेवटी एकच राहिली, म्हातारी, मांडीएवढी जाड. बेडूक टाका, खेकडा टाका, ती ढुंकून बघत नव्हती. शेतात कापूस फुटून चाललाय आणि घरधनी खडकावर! अक्का मला म्हणायची, "सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. हिचं काय उपटू?"

यंदाच्या उन्हाळ्यात तर कहर झाला. मुलूख पेटलेला, रोज नवी बातमी, गावंच्या गावं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात चाललेली. मी गाडी जुंपून अक्काला आणि लेकरांना न्यायला गेलो. दाजी म्हणाले, "तुमी हिला घेऊन जा. म्या ऱ्हातो. पाणी उतरून राहिलं, औंदा ती घावंल." मी हात जोडले. वर ओरडलोही, "अहो, जिवावर बेतलंय, अन् काहून मासा धरून बसलात?" तर म्हणतात, "ती म्या आणलीय पाव्हणं. म्याच काढली पाहिजे." मी गाडी वळवली. अक्कानं गाडीतून मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. वाटभर रडली मात्र.

पोलीस ॲक्शन झाली, हिंदुस्थानची फौज आली, आम्ही परतलो. दाजी जिवंत होते. करीमभाईंच्या घरची भाकरी खाऊन राहिले होते, पावसाळाभर ओल्या खडकावर बसून हाडांचा सापळा झालेले. हिवताप अंगात मुरला होता. अक्कानं काढे दिले, मी हिंगोलीहून डॉक्टर आणला... दिवाळीही दिसली नाही त्यांना. माझा फार जीव होता त्या माणसावर. आता भांडू कुणाशी?

दहाव्याला सगळे नदीवर जमलो. बायकाही आल्या होत्या. वरच्या डोहाशेजारी पिंड मांडला आणि आम्ही कावळ्याची वाट बघत उभे. कावळे बाभळीवर बसलेले, खाली यायचं नाव नाही. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. कुणी म्हणालं लेकरांना सांभाळू, कुणी म्हणालं शेती बघू. सगळ्यांच्या माना वर, झाडाकडे. तेवढ्यात पाण्यात भप्पकन आवाज झाला. अक्का एवढा वेळ तिकडेच बघत बसली होती. ती ताडकन उठली, डोक्यावरचा पदर सावरायचंही भान नाही, आणि ओरडली, "आरं बघता काय मुडद्यांनो, गळ आणा!"

गळ येईस्तोवर मरळ बुडाली. पिंडाचं पुढं काय झालं, ते मला आठवत नाही.

आता बाजाराच्या दिवशी मला अक्काचं बोलावणं येतं. परवा गेलो तर ती दाजींच्या खडकावर पाय पाण्यात सोडून बसलेली, हातात त्यांच्या गळाची काठी. करीमभाई बेडूक बांधून देत होते. मी वैतागून म्हटलं, "अक्का, लोक काय म्हणतील? किती दिवस चालायचं हे?"

तिनं पाण्यावरची नजर काढली नाही. "गप बस तिकडं. वर येऊन राहिली ती."